शेरा

धानगिरणीच्या मागे कोंडा अंथरलेलं मैदान.
रेशन दुकानाचा वजनकाटा आणून ठेवलाय नैतामनं,
तव्यावर अजून तांदळाचे दोन दाणे.
पंचावन्न किलोच्या आत असेल तो आत,
बाकीचे कुंपणावर बसून आमच्याकडे बघणारे.

अर्जात शेवटचा रकाना: पुढे जाईल का?
दोन चौकटी. हो. नाही.
ज्यानं हा कागद छापला
त्यानं पोट्टे पाहिले नसावेत, कागदच पाहिले असावेत.

मी मनगटं बघतो, हाडाची रुंदी.
विचारतो, बाप किती उंच, मामा किती उंच,
मागच्या दिवाळीची चप्पल अजून होते का.
मिशी फुटलेल्यावर मी भरवसा ठेवत नाही.
चौदाव्या वर्षी जो गडी दिसतो
तो विसाव्या वर्षीही तेवढाच असतो,
आणि बाकीचे त्याला कधीच मागे टाकून गेलेले.

हे मला शिकवलं रोशन डोंगरवारनं, दोन हजार नऊ साली.
अंगाला लोंबकळणारे पाच जण ओढत
मध्यरेषेवर यायचा, चिखलातून निघालेल्या हेल्यासारखा.
मी ‘हो’ लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या.
आता तो साकोलीच्या नाक्यावर टायर बदलतो
आणि माझ्या पंक्चरचे पैसे घेत नाही.
ते न घेतलेले पन्नास रुपये
फार महाग पडतात मला.

आणि विपुल कोरेटी, पायानं फेंगडा,
डाव्या कोपऱ्यात उभा राहून नखं खाणारा.
त्याला मी ‘नाही’ लिहिलं होतं.
परवा टीव्हीवर दिसला. घोटा असा धरला त्यानं
जसा चुलबंदीच्या पाण्यात दगडाखालचा खेकडा धरतात,
वरून नाही, बाजूनं,
बोटांना घाई न करू देता.
गावात फटाके वाजले.
लोक विचारायला आले, सर, तुमच्याच हाताखालचा ना?
मी म्हटलं, हो.

आज समोर खेमराज गहाणे. एक्केचाळीस किलो सहाशे.
चढाईला जाताना घाबरतो, लांबून दिसतं.
बोनस रेषेपाशी जाऊन दोनदा रिकामा परतला.
तिसऱ्यांदा धरला गेला, आपटला,
कोपर फुटलं, रक्ताला कोंडा चिकटला.
उठता उठता धरणाऱ्याला म्हणाला,
“काहून बे, तुले कसं समजलं मी इकडूनच येतो?”
“खांदा आधी वळते तुहा.”
मान हलवत तो रांगेत गेला
आणि तिथंच, एकटा,
खांदा सरळ ठेवून पाय टाकून बघत राहिला.
नाव पुकारलं ते त्याला ऐकूच गेलं नाही.

असे विचारणारेही पाहिलेत मी.
सगळं नीट समजून घेतात
आणि शेवटी तलाठी होतात.
वसतिगृहातलं पातळ वरण किती महिने गिळवेल याला,
बाप रोवणीला परत बोलावेल का,
गुडघा कोणत्या साली दगा देईल,
नैतामच्या काट्यावर काही उमटत नाही.

“सर, लवकर करा,” नैताम म्हणतो,
“पाच वाजता काटा वापस द्याचा हाय.”
मी पेन उघडतो. दोन चौकटींच्या मध्ये टोक टेकवतो,
शाई तिथंच फुटते.

खेमराज वाकून बघतो.
“सर, तिथं बूट लागते का?”
“लागतात. नंबर कितीचा?”
“मालूम नाही. भावाचे घालतो.”

अर्ज पालथा केला. म्हटलं, ठेव पाय.
त्याच्या पावलाभोवती पेन फिरवलं,
अंगठ्यापुढे
थोडी जागा सोडली.